पडद्यावरील अक्षरांचे अध्यापक

विरार पूर्वेचा मनवेलपाडा हा आज दाट वस्तीचा भाग झाला आहे. मुंबईच्या जुन्या चाळी सोडून आलेली कुटुंबे, कोकणातून व घाटावरून नोकरीसाठी आलेली माणसे आणि वसई तालुक्यातील मूळचे रहिवासी असा नाना ठिकाणचा मराठी समाज येथे शेजारी शेजारी नांदतो. कोणाच्या बोलण्यात वाडवळीचा ढंग, कोणाच्या मालवणीचा, तर कोणाच्या देशावरच्या मराठीचा. पण एक वस्तू सर्वांच्या हाती सारखीच दिसते, ती म्हणजे मोबाईल. त्याच्या पडद्यावर मराठी बातम्या वाचल्या जातात, लग्नाच्या पत्रिका येतात, शाळेच्या सूचना येतात, आणि हे बहुतेक सारे देवनागरीत असते. परंतु तीच मंडळी उलट निरोप लिहावयास बसली म्हणजे पुष्कळदा मराठी शब्द रोमन अक्षरांत उमटवितात. वाचावयाची लिपी एक आणि लिहावयाची लिपी दुसरी, अशी ही विचित्र स्थिती आहे.

ही गोष्ट वरवर क्षुल्लक वाटेल. पण ती तशी नाही. जी लिपी केवळ वाचण्यापुरती उरते ती हाताला परकी होते, आणि हाताला परकी झालेली लिपी फार दिवस मनाला आपली वाटत नाही. मोडीचे उदाहरण महाराष्ट्राच्या डोळ्यांसमोर आहे. शतकानुशतके दफ्तरे जिच्यात लिहिली गेली ती मोडी छापखान्याच्या सोयीपुढे मागे पडली, शाळेतून गेली, आणि आज तिच्यातील असंख्य कागद वाचावयास मोजकीच माणसे मिळतात. मोडी मागे पडण्यात कोणाचा दुष्ट हेतू नव्हता; नव्या साधनात तिची सोय कोणी वेळीच लावली नाही, एवढेच झाले. देवनागरीची सोय नव्या साधनात कोण लावतो, हा प्रश्न म्हणूनच घराघराशी संबंध असलेला प्रश्न आहे.

घंटेबरोबर नाद यावा तसे यंत्राबरोबर अक्षर आपोआप येते, अशी अनेकांची समजूत असते. वस्तुतः पडद्यावरील प्रत्येक वेलांटी कोणीतरी बसून घडविलेली असते. हे घडविणाऱ्यांमध्ये कारखानदार आहेत, स्वतंत्र कारागीर आहेत; परंतु मराठीच्या बाबतीत फार मोठा वाटा एका अध्यापकवर्गाचा आहे. विरारहून लोकलने अंधेरी गाठावी आणि तेथून रस्त्याने पवईला जावे, म्हणजे भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या, अर्थात आयआयटी मुंबईच्या आवारात त्यांची शाळा लागते. १९६९ साली ‘इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर’ या नावाने तिची स्थापना झाली. त्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती आजही आयडीसी म्हणूनच ओळखली जाते.

या संस्थेच्या उभारणीत सुधाकर नाडकर्णी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून ते जर्मनीतील उल्म येथील प्रसिद्ध संकल्पनशाळेत गेले होते. वस्तूचा आकार म्हणजे वरून चढविलेला शृंगार नसून तिच्या उपयोगातूनच तो निघाला पाहिजे, ही शिस्त त्या शाळेची होती. अभियंते घडविणाऱ्या संस्थेत अशी शिस्त शिकविणारे केंद्र निघाले, यातच पुढच्या गोष्टींचे बीज होते. आरंभी येथे मुख्यत्वे यंत्रे, उपकरणे आणि नित्याच्या वस्तू यांच्या आकाराचा विचार होई. पुढे दृश्यसंवाद, ॲनिमेशन आणि माणूस व यंत्र यांच्यामधील व्यवहार, असे विषय त्यात आले. २०१५ पासून येथे बारावीनंतरचा पदवी अभ्यासक्रमही सुरू झाला.

अशा शाळेतील अध्यापकवर्ग इतर महाविद्यालयांहून निराळा का असतो, हे समजण्यासाठी एकच अक्षर घेऊन पाहावे. ‘क्ष’ हे अक्षर मोबाईलवर उमटवावयाचे आहे असे समजू. पहिला प्रश्न आकाराचा: त्याची गाठ किती मोठी, दांडा किती जाड, शिरोरेषा कोठे तुटावी? हा चित्रकाराचा व सुलेखनकाराचा प्रांत. दुसरा प्रश्न यंत्राच्या स्मृतीचा: ‘क्ष’ हे एक अक्षर मानून साठवावे की ‘क’, हलन्ताचे चिन्ह आणि ‘ष’ अशी तीन मानावी? हा अभियंत्याचा प्रांत. तिसरा प्रश्न बोटाचा: लिहिणाऱ्याला ते कळफलकावर कोठे सापडावे आणि किती दाबण्यांत मिळावे? येथे मनोव्यापारांचा अभ्यास लागतो. चौथा प्रश्न भाषेचा: मराठी माणसाला त्याचे कोणते रूप शुद्ध वाटते? चारही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. एकट्या चित्रकाराने दिलेले उत्तर यंत्र नाकारील, एकट्या अभियंत्याने दिलेले डोळा नाकारील. म्हणून चित्रकार, वास्तुविशारद, अभियंते आणि मानव्यविद्यांचे अभ्यासक यांना एका छपराखाली, एकाच विद्यार्थ्याच्या कामावर एकत्र बसवावे लागते. ‘अनेक शास्त्रांची मिळून एक शाळा’ या शब्दांचा खरा अर्थ एवढाच आहे.

पूर्वी हे काम कोठे होत असे? मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला, आणि त्यांच्या ओतशाळेतील देवनागरी खिळ्यांचा लौकिक देशभर पसरला. पोलादाच्या टोकावर उलटे अक्षर कोरणारा कारागीर, त्यावरून साचा करणारा, शिसे ओतणारा आणि शेवटी खिळे जुळविणारा जुळारी अशी ती परंपरा होती. तिचे ज्ञान उस्तादाकडून शागिर्दाकडे हातोहात जाई. ते ग्रंथात लिहिलेले नव्हते आणि कोणत्याही विद्यापीठात शिकविले जात नव्हते. फोटोवरून होणारी जुळणी आणि तिच्या मागोमाग संगणक आला, तेव्हा शिसे गेले, ओतशाळा गेल्या, आणि त्यांच्याबरोबर ते हातचे ज्ञानही जाण्याची वेळ आली. निर्णयसागरानंतर बरोबर शंभर वर्षांनी निघालेल्या पवईच्या शाळेने ही गादी चालवावी असे कोणी ठरविले नव्हते; पण घडले ते तसेच.

संगणक अक्षर ओळखत नाही, आकडा ओळखतो. त्यामुळे प्रत्येक अक्षराला आधी एक क्रमांक द्यावा लागतो. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिपींसाठी असा एक संकेत प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी जगातील सर्व लिपींसाठीच्या ‘युनिकोड’ या संकेताची पहिली आवृत्ती निघाली. त्यात देवनागरीच्या मुख्य विभागासाठी १२८ जागा राखलेल्या आहेत. ‘क’चा क्रमांक २३२५, हलन्ताचा २३८१ आणि ‘ष’चा २३५९. हे तीन आकडे एकापुढे एक आले म्हणजे फाँट, अर्थात अक्षरांच्या आकारांचा संच, त्यांच्या जागी ‘क्ष’चे एक चित्र ठेवतो. म्हणजे क्रमांक हा अक्षराचा आत्मा आणि फाँट हा त्याचा देह, असे म्हणावयास हरकत नाही.

या क्रमांकांच्या व्यवहारात मराठीची अडचण कोठे होते हे दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा अर्ध्या ‘र’चा भेद हिंदीला लागत नाही, मराठीला लागतो, म्हणून यंत्राला तो निराळा सांगावा लागतो. दुसरे उदाहरण ‘ॲ’ या अक्षराचे. ‘ॲसिड’, ‘ॲडव्होकेट’ हे शब्द मराठी घरांत रोजचे आहेत; तरी या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळावयास २००८ साल उजाडावे लागले. तोवर ‘अ’वर चंद्र ठेवून वेळ मारून न्यावी लागत असे. ज्या भाषेची गरज मांडणारा कोणी सभेत नसेल, तिची गरज सभेला कळत नाही, हा याचा बोध आहे. गरज मांडणारा हा माणूस भाषा जाणणारा हवा आणि यंत्रही जाणणारा हवा. असा माणूस तयार करणे हेच अशा शाळेचे मुख्य काम होय.

या परंपरेतील सर्वांत ठळक अध्यापक म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी. र. कृ. जोशी या नावाने ते परिचित होते. १९३६ साली त्यांचा जन्म झाला. जे. जे. मध्ये उपयोजित कलेचे शिक्षण घेऊन त्यांनी जाहिरातीच्या व्यवसायात बरीच वर्षे काढली, आणि १९८३ साली ते आयडीसीत अध्यापक झाले. ते कवी होते, सुलेखनकार होते आणि संशोधक होते. अक्षर हा त्यांच्या लेखी केवळ ध्वनीचा खुंटा नव्हता. बोरूच्या धारेतून, हाताच्या वळणातून आणि श्वासाच्या लयीतून निघणारी ती एक जिवंत आकृती होती. १९९६ पर्यंत त्यांनी आयडीसीत विद्यार्थ्यांकडून अक्षरे गिरवून घेतली, आणि त्याच काळात मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेतील संगणकतज्ज्ञांबरोबर अक्षररचनेच्या साधनांवर काम केले. बोरू चालविणारा हात आणि गणित मांडणारा हात एकाच मेजावर आले, हे त्या कामाचे वैशिष्ट्य.

त्याच सहकार्यातून पुढे ‘मंगल’ हा फाँट आला. ‘विंडोज २०००’ या संगणकप्रणालीबरोबर तो जगभर पोचला, आणि मराठी कचेऱ्यांतील, शाळांतील, सायबर कॅफेतील असंख्य पडद्यांवर युनिकोड देवनागरीचे पहिले दर्शन त्याच्याच रूपाने झाले. त्या वेळचे पडदे खरबरीत होते. एका अक्षराला मोजके ठिपके मिळत. त्यातच शिरोरेषेवरच्या मात्रा आणि पायाखालचे उकार बसवावयाचे. रोमन अक्षराएवढ्याच उंचीत देवनागरीला तीन मजले उभे करावे लागतात, त्यामुळे मधला मजला आखूड होतो. ‘मंगल’ची अक्षरे पडद्यावर बेताच्या अंगाची वाटतात, याचे कारण यात शोधावे. कागदावर मनमोकळा फटकारा मारणाऱ्या सुलेखनकाराने ठिपक्यांच्या त्या कोंदट खोलीत अक्षर सुवाच्य ठेवण्यासाठी परिश्रम घेतले. २००८ साली जोशी यांचे निधन झाले. परंतु त्यांच्या हातची अक्षरे त्यांचे नावही न ऐकलेल्या माणसांच्या अर्जांवर आणि दाखल्यांवर उमटत राहिली.

त्यांच्यानंतरच्या पिढीत हे काम थांबले नाही. गिरीश दळवी यांनी आयडीसीतच देवनागरी अक्षररूपांवर डॉक्टरेटसाठी संशोधन केले आणि पुढे ते तेथेच अध्यापक झाले. निरनिराळ्या वळणांच्या अक्षरांत ‘देवनागरीपण’ नेमके कशात असते आणि एका वळणाहून दुसरे कोणत्या गुणांनी वेगळे पडते, हा त्या अभ्यासाचा विषय. मुंबईतील ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या मंडळातही त्यांचा सहभाग राहिला. त्या मंडळाचे ‘मुक्ता’ व ‘बलू’ हे फाँट मोफत आणि मुक्त परवान्यावर उपलब्ध आहेत. गल्लीतल्या छपाईवाल्याने ते वापरावेत, शाळेने वापरावेत, वर्तमानपत्राने वापरावेत; कोणालाही दाम मोजावे लागत नाही.

अक्षर दिसू लागले, तरी ते लिहिता येईलच असे नाही. लेखनाचा प्रश्न आयडीसीतील प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांचे सहकारी यांनी हाती घेतला. ‘इनस्क्रिप्ट’ हा भारतीय लिपींचा प्रमाण कळफलक टंकलेखकाच्या सोयीने बेतलेला आहे: स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. दहा बोटांनी सराव करणाऱ्याला तो उत्तम. पण ज्याने कधी टंकलेखन केले नाही, त्याला त्यातील अक्षरे शोधताना घाम फुटतो. २००४ साली या मंडळींनी ‘कीलेख’ नावाचा कळफलक मांडला, त्यात अक्षरांची मांडणी शाळेतील वर्णमालेच्या क्रमाने होती. पुढे स्पर्शाने चालणारे मोबाईल आले तेव्हा त्याच विचारातून ‘स्वरचक्र’ निघाले. त्यात क, ख, ग, घ असे वर्ग ओळीने दिसतात. ‘क’वर बोट टेकताच त्याच्याभोवती का, कि, की, कु, कू अशी बाराखडी वर्तुळाने उमलते, हव्या त्या बाजूला बोट सरकविले की अक्षर तयार. पाटीवर बाराखडी घोकलेल्या आजीबाईला जे ठाऊक आहे, त्यावरच ही युक्ती उभी आहे. नवे यंत्र शिकण्यासाठी तिला आपले जुने ज्ञान टाकून द्यावे लागत नाही.

अशी युक्ती सुचली म्हणजे संशोधन संपले असे नव्हे. खरे संशोधन त्यानंतर सुरू होते. कधीही मराठी टंकलेखन न केलेल्या माणसांना बोलवावयाचे, त्यांना तीच वाक्ये निरनिराळ्या कळफलकांवर लिहावयास द्यावयाची, मिनिटाला किती शब्द झाले आणि किती चुका झाल्या हे नोंदवावयाचे, आणि बोट कोठे अडखळले हे बाजूला बसून पाहावयाचे. काही दिवसांच्या सरावानंतर हेच पुन्हा करावयाचे. या कामात अध्यापकाबरोबर विद्यार्थी असतात. ‘माझ्या मते हे सुंदर आहे’ एवढे म्हणून भागत नाही, वापरणाऱ्याचे बोट हाच शेवटचा परीक्षक, हा धडा विद्यार्थ्याला व्याख्यानातून नव्हे तर या अडखळण्यातून मिळतो. अध्यापन आणि संशोधन ही येथे दोन कामे नसून एकाच कामाची दोन नावे आहेत.

अक्षराप्रमाणेच चित्राचेही आहे. आयडीसीत अनेक वर्षे अध्यापन केलेल्या नीना सबनानी यांचा ‘टांको बोले छे’ हा २००९ सालचा लघुपट कच्छमधील भरतकाम करणाऱ्या स्त्रियांच्या कापडी चित्रांना हलते-बोलते करतो. कथा त्यांची, टाके त्यांचे आणि आवाजही त्यांचेच. भिल्ल समाजातील कथेवरचा त्यांचा ‘हम चित्र बनाते हैं’ हा चित्रपट शेरसिंग भिल्ल या चित्रकाराच्या साहाय्याने झाला, आणि चौसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तो उत्कृष्ट ॲनिमेशनपट ठरला. त्याच शाळेतील शिल्पा रानडे यांनी उपेंद्रकिशोर राय यांच्या बंगाली कथेवरून ‘गोपी गवैया बाघा बजैया’ हा पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट केला, आणि तो २०१३ साली टोरोंटोच्या चित्रपट महोत्सवात दाखविला गेला.

मनवेलपाडा ज्या पालघर जिल्ह्यात येतो, त्या जिल्ह्याला हा विषय दूरचा नाही. डहाणू, तलासरी, जव्हार हा वारली चित्रांचा मुलूख. डहाणूजवळच्या गंजाड येथील जिव्या सोमा म्हसे यांना त्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. आज वारली आकृत्या पडद्यांवर, पिशव्यांवर, भिंतींवर सर्वत्र दिसतात. काढणाऱ्याचे नाव मात्र क्वचितच दिसते. चित्राची नक्कल करणे यंत्राने फार सोपे केले आहे. नक्कल न करता चित्रकाराला सहकारी मानून त्याच्याबरोबर काम कसे करावे, याचा कित्ता वर सांगितलेल्या लघुपटांनी घालून दिला आहे, आणि तो गिरविण्याची गरज पालघरला इतरांहून अधिक आहे.

कोणी म्हणेल, मोठमोठ्या परदेशी कंपन्या आता मराठी कळफलक आणि फाँट फुकट देतात. मग या अध्यापकांची आवश्यकता ती काय? या आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. कंपनी बाजार पाहते, आणि बाजारात मराठी ही पुष्कळदा हिंदीची धाकटी बहीण मानली जाते. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणे हिंदीहून निराळी आहेत. अनेक फाँटांत ती आढळत नाहीत, आणि मुले पडद्यावर पाहिलेले वळणच खरे मानू लागतात. यात कोणाचा द्वेष नाही. तेथे विचारणारा कोणी नाही, एवढेच. विचारणारा निर्माण करावयाचा तर त्याला पगार, वेळ आणि विद्यार्थी देणारी संस्था लागते.

आणि येथेच एक खरी अडचण आहे. विद्यापीठांच्या व्यवहारात संशोधकाचे मोजमाप बहुधा प्रसिद्ध झालेल्या निबंधांवरून होते. फाँट हा निबंध नव्हे, कळफलक हा निबंध नव्हे, चित्रपट तर नव्हेच. एक चांगला देवनागरी फाँट घडवावयास शेकडो जोडाक्षरे एकेक करून आखावी लागतात, आणि तेवढ्या अवधीत दुसऱ्या शास्त्रातील अध्यापकाचे अनेक निबंध छापून होतात. निबंध मोजला जातो. अक्षर वापरले जाते, पण मोजले जात नाही. अशा शाळांनी निबंध लिहू नयेत असे नव्हे; परंतु ज्या कृतीवर लक्षावधी माणसांचे लेखन अवलंबून आहे, तिला विद्वत्तेच्या ताळेबंदात जागा मिळाली नाही, तर हुशार तरुण अध्यापक हळूहळू ते काम सोडून देतील. तो तोटा अध्यापकांपेक्षा भाषेचा अधिक होईल.

घरातील माणसांनाही यात करण्यासारखे काही आहे. मोबाईलवर मराठी कळफलक सुरू करणे हे दोन मिनिटांचे काम आहे. पहिले आठ दिवस हात मंद चालेल, मग सवय होईल. मुलांनी आईवडिलांना देवनागरीत निरोप पाठवावेत, आजीआजोबांनी त्याच लिपीत उत्तरे द्यावीत. ज्या मुलाला चित्राची आवड आहे आणि गणिताचीही, त्याला यांपैकी एक सोडावयास न सांगता, दोन्हींची गरज असलेली एक विद्या आहे, हे सांगावे. आयडीसीचे अध्यापक रवी पूवैया यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘डीसोर्स’ या संग्रहात या विद्येचे पाठ कोणालाही विनामूल्य वाचावयास मिळतात. त्यासाठी विरारहून पवईचा प्रवास करावा लागत नाही. अध्यापकांनी अक्षर घडविले, कळफलक मांडला आणि त्याची परीक्षाही घेतली. ते हातात घेऊन लिहिणे मात्र घरातल्या माणसांनीच करावयाचे आहे.